ओकहॅमच्या यजमान बाईंना कृतज्ञतापूर्वक

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातील सुट्टीत मी आणि माझी आई आपल्या घरी उतरलो होतो. निघताना दारात मानलेले आभार फारच अपुरे होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे आणि रटलंडला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी मंडळींनीही ते वाचावे, अशी इच्छा आहे.

लेस्टरहून ओकहॅमला रेल्वेने अर्ध्या तासात पोहोचता येते. तरीही, रटलंड या इंग्लंडमधील सर्वांत लहान ऐतिहासिक काउंटीत मुक्काम करण्यासारखे काय असणार, असेच मला वाटत होते आणि म्हणून शेजारच्या काउंट्यांमधील मोठे वाडे पाहण्याचा बेत मी आखून ठेवला होता. आईचे दुखरे गुडघे पाहून आपण तळमजल्यावरची खोली मोकळी करून दिलीत आणि चहा घेता घेता, काउंटीची हद्द न ओलांडता दोघींना जमेल असा कार्यक्रम कागदावर लिहून दिलीत. तो कागद आम्ही तंतोतंत पाळला.

बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला ओकहॅम किल्ल्याचा दरबार आपण लिहिल्याप्रमाणे सकाळी, गर्दी होण्याआधी पाहिला. या गावात प्रथमच येणाऱ्या सरदाराने आपल्या दर्जाची खूण म्हणून एक नाल द्यायचा, या जुन्या रिवाजामुळे भिंतींवर दोनशेहून अधिक नाल टांगलेले आहेत आणि त्यांत सर्वांत जुना चौथ्या एडवर्डने सुमारे १४७० मध्ये दिलेला आहे. आपल्याकडेही उंबऱ्याला नाल ठोकतात, त्यामुळे आई तेथे बराच वेळ रमली. अपिंगहॅमची बाजारपेठही आवडली.

परंतु माझे खरे ऋण आहे ते नॉर्मंटनच्या दुपारचे. बसची वाट पाहण्यात आईची दमछाक होईल म्हणून आपण स्वतःची गाडी काढलीत आणि रटलंड वॉटरच्या काठी, पाण्यात शिरल्यासारख्या दिसणाऱ्या त्या चर्चपाशी आम्हांला नेलेत. १९७० च्या दशकात ग्वॉश नदीचे खोरे बुडवून हा जलाशय केला गेला, तेव्हा नेदर हॅम्बल्टन ही वस्ती पाण्याखाली गेली. हे चर्च मात्र लोकांनी वाचवले आणि त्याची जमीन दगड व काँक्रीट भरून खिडक्यांच्या जवळपास उंच केली. आपण ते खोरे कोरडे असताना पाहिलेले, तर आईचे माहेर कोयना धरणाच्या शिवसागरात गेलेले. मी दुभाषी म्हणून मध्ये बसले होते, पण कोणाची विहीर कोठे होती, कोणता रस्ता आता पाण्यात उतरतो, हे सांगताना दोघींना माझी फारशी गरज पडली नाही. आई माहेरच्या घराविषयी इतके सविस्तर आजवर माझ्याशीही बोलली नव्हती. आपण घड्याळाकडे एकदाही न पाहता ऐकत राहिलात, त्याबद्दल मी आपली कायमची ऋणी आहे.

१९७४ मध्ये लेस्टरशायरमध्ये विलीन केलेली आपली काउंटी १९९७ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाली, हे आपण परतीच्या वाटेवर ज्या अभिमानाने सांगितलेत, तो अभिमान त्या दुपारनंतर मला नीट उमगला.

रटलंड वॉटरवरील मँटन बेच्या पक्षिनिरीक्षण कुटीतील स्वयंसेवकांनाही माझा नमस्कार सांगावा. स्कॉटलंडहून १९९६ पासून पिल्ले आणून वसवलेल्या ऑस्प्रे या मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांनी २००१ मध्ये येथे घरटे यशस्वी केले आणि मध्य इंग्लंडमध्ये सुमारे दीडशे वर्षांनी त्यांची वीण झाली, ही सारी हकिकत त्यांनी न कंटाळता सांगितली आणि आईच्या उंचीला दुर्बीण लावून दिली. रटलंडचे ऑस्प्रे हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेला जातात. पण हीच जात हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर भिगवणलाही दिसते, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

आई आता साताऱ्याला परतली आहे. तिने आपल्यासाठी स्वतः शिवलेली गोधडी ठेवून दिली आहे. ती घेऊन मी या शरद ऋतूत ओकहॅमला येईन. आपल्याला सोयीचा रविवार कळवावा.

आपली कृतज्ञ,
लेस्टरची पाहुणी