कोऱ्या पानांबद्दल आभार

ती. बाइंडरकाकांना,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

चीनमधल्या सुझोउच्या बागांचं पुस्तक करायचंय म्हणत मी आले, तेव्हा तुमच्याकडे शाळांच्या रजिस्टरांची थप्पी लागली होती. मला बागांची माहिती छापायची नव्हती. पानं उलटताना बागेत चालल्यासारखं वाटायला हवं होतं. तिथल्या लिउ युआन या बागेत शिरताना आधी बाग दिसतच नाही. भिंतींमधली अरुंद, वाकडी, अंधारी वाट. मध्येच हातभर चौक, वरून उजेड, की पुन्हा अंधार. मग जाळीच्या खिडक्यांतून तळं दिसतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. शहरातली बाग, चारी बाजूंनी भिंती, तरी संपता संपत नाही.

मी काय केलं होतं? लांब पट्टीला चुण्यांसारख्या घड्या आणि प्रत्येक घडीत एकामागे एक गोल दार. तुम्ही ते डोळ्याला लावलंत, आरपार बघितलंत आणि म्हणालात, "हा तर बोगदा झाला." मग तुमच्या गावच्या वाड्याचं सांगितलंत: देवडीत शिरलं की समोर भिंत, बाहेरच्याला चुलीपर्यंत दिसू नये म्हणून. सुझोउ तुम्ही नकाशातही पाहिलं नव्हतं!

घरी जाऊन सगळी दारं सरकवली. फक्त एका जागी ओळीत ठेवली. झुओझंग युआन या तिथल्याच दुसऱ्या बागेत तळ्यापलीकडे एक पॅगोडा दिसतो, तो बागेचा नाहीच, बाहेरच्या देवळाचा. असं दूरचं दृश्य आपल्या बागेत ओढून घेणं याला तिकडे 'उसनं दृश्य' म्हणतात. उसनं आहे, तेव्हा ते लांबूनच दिसायला हवं.

पण खरे आभार मानायचेत ते दुसऱ्या खेपेचे. चीनच्या सोंग राजवटीच्या काळातली फुलपाखरू बांधणी मी वाचून आले होते. पातळ कागद एकाच बाजूने छापायचा, छापील बाजू आत ठेवून मधोमध दुमडायचा आणि घडीच्या कडा एकमेकींना चिकटवून पाठ करायची. शिलाई नाहीच. जुजबंदीत, म्हणजे दोऱ्याच्या शिलाईत, जन्म काढलेल्या तुम्हाला ते पटेना. "नुसत्या खळीवर?" तरी खळ शिजवलीत, चिमूटभर मोरचूद टाकलंत, रात्रभर शिकंज्यात ठेवलंत.

सकाळी उघडलं तर एक चित्र, मग दोन पानं कोरी. पुन्हा चित्र, पुन्हा कोरी. बांधणीच तशी, कागदाची पाठ वर येणारच. पुढे चिनी बाइंडरांनी घडी उलटी घालून ती कोरी बाजू आत लपवली. मीही ती पानं चिकटवून टाकायला निघाले होते. तुम्ही हातातला ब्रश काढून घेतलात. "राहू दे. भिंत नको का?"

काका, जी छंग नावाच्या बाग रचणाऱ्याने 1631 मध्ये आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की पांढरी भिंत हाच कागद मानावा आणि दगडांनी त्यावर चित्र काढावं. मी ते वाचलेलं होतं, अधोरेखितसुद्धा केलं होतं. आणि कोरं पान समोर आल्यावर मला त्यात चूक दिसली, तुम्हाला भिंत.

आता चित्र उलटलं की पांढरी भिंत येते. तिच्यात बोटभर खिडकी, आणि खिडकीतून पुढच्या चित्रातल्या बांबूचा जेमतेम शेंडा. लोक तिथे थांबतात, मान तिरकी करून बघतात. एका मुलीने मागचं पान न उलटता बोट घालून पाहिलं, खिडकी जरा फाटली. मी ती तशीच ठेवलीय.

तिसरी प्रत तुमची. सोबतच्या पाकिटात खळीचे, पुठ्ठ्याचे आणि तीन दिवसांचे पैसे आहेत. या वेळी परत पाठवू नका.

आपली,
रजिस्टरांच्या थप्पीवर बसून डबा खाणारी