आई-बाबा, मृगाच्या आत इकडे या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, तुम्ही शिकवलेली सुरुवात विसरले नाहीये बघा. पोस्टात 34 वर्षं काढलेल्या माणसाला मोबाईलवर पत्र पाठवणं बरं वाटत नाही, काल रात्री कागद-पेन घेऊन बसलेही होते, पण टेबलाशी वाकलं की पोट दबतं आणि पाठ भरून येते, म्हणून पलंगावर उशीला टेकून टाईप करतेय. अक्षर मोठं करून वाचा, मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, डोळ्याला ताण नको. आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

रविवारी फोनवर मी बाळंतपणाला चिपळूणला येणार नाही म्हटलं, तेव्हा आई एकदम गप्प झाली आणि बाबा तुम्ही "बरं, तुझी मर्जी, ठेवतो" म्हणालात. तेव्हापासून मला झोप नाही. तुमची मर्जी मोडायची म्हणून मी असं ठरवलं नाहीये, आणि सासरच्यांनीही सांगितलेलं नाही, सासूबाई तर उलट म्हणाल्या की पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं, मुलीला आईच लागते. ठरवलंय ते आम्ही दोघांनी, आणि त्याची कारणं तुम्हाला नीट सांगायला हवी होती, ती मी लपवली. ती चूक माझी.

पहिलं कारण शुगर. आई, घाबरू नकोस, पूर्ण ऐक आधी. सहाव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून टेस्ट करतात ना, 75 ग्रॅम ग्लुकोज, मग दोन तासांनी रक्त घेतात, ती 140 च्या आत यायला हवी होती, माझी 158 आली. गरोदरपणातली शुगर म्हणतात याला. आता तू म्हणशील की गोड कमी खा म्हणून, पण हे गोड खाल्ल्यामुळे झालेलं नाही, डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं की वारेतून जे हार्मोन्स येतात त्यांच्यामुळे शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नाही, काही बायकांना होतं, आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप उतरतं. तरी सहा आठवड्यांनी परत टेस्ट करायची आणि पुढेही अधूनमधून बघत राहायची. सध्या मला गोळी नाही, इन्सुलिन नाही, नुसतं जेवण आणि चालणं यावर आकडे ठीक आहेत. पण बाळ जन्मल्यावर पहिले काही तास त्याची शुगर एकदम खाली जाऊ शकते म्हणून ती तपासत राहावी लागते, आणि काही लागलं तर नवजात बाळांचा आयसीयू त्याच इमारतीत हवा असं मॅडमचं म्हणणं. आम्ही ज्या हॉस्पिटलात नाव घातलंय तिथे तो आहे, घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं.

हे सगळं महिनाभर मनात ठेवून मी तुमच्याशी रोज "काय जेवलीस, वरणभात" करत राहिले. तू डिंकाचे लाडू पाठवलेस ते मी खाल्ले असं म्हटलं, खाल्ले नाहीत आई, फ्रीजरमध्ये ठेवलेत तसेच, बाळंत झाल्यावर मॅडमना विचारून खाईन. आणि बाबा, आंब्याची पेटी आली त्या दिवशी मी रडले. घरभर वास, गवत बाजूला केलं की एकेक हापूस तुम्ही हाताने निवडून लावलेला, आणि मला दिवसाला एक लहानशी फोड, तीही सकाळच्या मधल्या वेळेत, जेवणावर अजिबात नाही. ती फोड मी इतकी सावकाश खाते की हा म्हणतो अगं गरम होईल. बाकीचे आंबे शेजारी वाटले, तुमचं नाव सांगून.

आता तुमच्या जावयाचं सांगते, कारण आईला वाटतं की इथे माझं करणारं कोणी नाही. सकाळी सहाला अलार्म होतो, हा उठतो, हात धुतो, मशीन घेऊन येतो आणि माझ्या बोटाला सुई टोचतो, मी दुसरीकडे बघते, अजूनही मला ते बघवत नाही. मग एक दोनशे पानी वही आहे, तिच्यात त्याने पट्टीने रकाने आखलेत, उपाशी, नाश्ता, दुपार, रात्र, आणि प्रत्येक आकड्यासमोर मी काय खाल्लं ते बारीक अक्षरात. उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत ठेवायचं असतं. परवाच्या पानावर लिहिलंय, उपाशी 91, मुगाचं धिरडं 114, नाचणीची भाकरी आणि पालेभाजी 109, आणि रात्री 131, त्याच्यासमोर "एकादशी, साबुदाणा, परत नको". ती वही बघून मॅडम म्हणाल्या की एवढं नीट कोणी आणत नाही.

भाकरी तोच करतो आता. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर शिकवली, उकड काढून, पहिले आठ दिवस तव्यावर टाकताना तुटायची आणि आम्ही तुकडेच खायचो, आता गोल होते, फुगतेसुद्धा. लोहाची गोळी मला लिंबूपाण्याबरोबर देतो, कॅल्शियमची वेगळी, रात्री, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही म्हणून. चहा गोळीच्या आसपास अजिबात नाही. संध्याकाळी ऑफिसातून आला की जेवणानंतर आम्ही कॅनॉलच्या रस्त्याने वीस मिनिटं चालतो, मी दमले की तिथल्या कट्ट्यावर बसतो, आणि नावांवरून वाद घालतो.

भांडणंही होतात, तेही लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी रंगवून सांगतेय. मागच्या आठवड्यात त्याने मला न विचारता नवीन कपाट ऑर्डर केलं, इथे घरभाडं, हॉस्पिटलचं डिपॉझिट, गाडीचा हप्ता, मी एवढी चिडले की जेवलेच नाही, आणि मग दोन तासांनी शुगर उतरून हात थरथरायला लागले. त्याने काही न बोलता अर्धा कप दूध आणून दिलं आणि समोर जमिनीवर बसून राहिला माझे हात धरून. त्या दिवशी ठरलं की कितीही भांडलो तरी जेवण सोडायचं नाही. कपाट परत पाठवलं. रजेचं म्हणाल तर मला कायद्याने 26 आठवडे आहेत, त्यातले आठ बाळाच्या आधी घेता येतात, पण मी जुलै लागेपर्यंत काम करणार म्हणजे नंतर बाळाजवळ जास्त राहता येईल. त्याला कंपनीतून फक्त सात दिवस. म्हणून दिवाळीपासून त्याने एकही सुट्टी घेतली नाही, तापात सुद्धा गेला, 18 दिवस साठवलेत.

आता दुसरं कारण, जे मला फोनवर बोलताच आलं नाही. तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. बाबा, तुम्ही समजलात मला काय म्हणायचंय.

22 जुलै 2021. मी तेव्हा इथे पुण्यात भाड्याच्या खोलीत होते, लग्न व्हायचं होतं. पहाटे तुमचा फोन आला की वाशिष्ठीचं पाणी गल्लीत शिरलंय, आम्ही वर माळ्यावर जातोय, आणि मग फोन बंद. दोन दिवस. टीव्हीवर चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली दिसत होती, घरांची नुसती कौलं, होड्या चाललेल्या, आणि मी प्रत्येक बातमीत आपलं घर शोधत होते. निघावं म्हटलं तर घाट बंद, हायवेवरचा पूल खचलेला, कोकण रेल्वे थांबलेली. मी काहीही करू शकत नव्हते. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून आईचा आवाज आला, "बायो, आहोत आम्ही", एवढंच, आणि परत रेंज गेली. ते दोन दिवस माझ्या अंगातून अजून गेलेले नाहीत. जुलैत जोराचा पाऊस लागला की मी आजही आधी तुम्हाला फोन लावते आणि रिंग वाजेपर्यंत श्वास धरून असते.

आणि तुम्ही माझ्यासाठी तयार केलीत ती मागची खोली. शेजारच्या काकूंनी फोटो पाठवला मला. पिवळा रंग, नवीन पडदा, पलंग खिडकीपासून लांब सरकवलेला वारा लागू नये म्हणून. बाबा, त्याच खोलीच्या भिंतीवर तुम्ही पाणी ओसरल्यावर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली होती ना, माझ्या डोक्याच्या हातभर वर होती ती रेघ. तुम्ही म्हणायचात ही पुसायची नाही. फोटोत मी ती जागा मोठी करून बघितली, तिथे पिवळा रंग आहे. माझ्यासाठी पुसलीत तुम्ही ती. तो फोटो बघून मी कितीतरी वेळ न्हाणीघरात बसले होते.

पण रंग दिला तरी खोली तळमजल्यावरच आहे आणि नदी तिथेच आहे. दरवर्षी तसा पूर येत नाही हे मलाही कळतं. पण टाके पडलेले, कडेवर चार दिवसांचं बाळ, आईचे गुडघे असे की ती जिना एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून चढते, आणि रात्री भोंगा वाजला तर आपण तिघं काय करणार आहोत? दवाखान्यात जायचं म्हटलं तर रस्ता असेल का? हे माझ्या मनातून जात नाही, आणि पोटात बाळ असताना एवढी भीती घेऊन मला झोपायचं नाहीये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मी तिकडे येत नाही, तुम्ही दोघं इकडे या. एकटी आई नाही, दोघं. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनचा पहिला आठवडा, घाट कोरडा असताना. एसटीला तुम्हाला दोघांनाही अर्धं तिकीट आहे हे माहितीये मला, तरी एसटीने येऊ नका, आईचे पाय आखडतात, हा गाडी घेऊन येईल शनिवारी आणि रविवारी सकाळी निघा. आणि गणपतीपर्यंत राहा. लोक विचारतील पहिलं बाळंतपण माहेरी का नाही, तर सांगा की माहेरच पुण्याला गेलंय. जिथे तुम्ही दोघं असाल ते माझं माहेर, मग ते भाड्याच्या फ्लॅटमध्ये असलं तरी.

आई, तुला वाटेल की जावयाच्या घरी इतके दिवस कसं राहायचं. त्यानेच सांगितलंय मला हे लिहायला, की आईंना म्हणावं इथे पाहुणी म्हणून येऊ नका. बाळाची आंघोळ तूच घालायची, तेल तूच लावायचं, मला शेक तूच द्यायचा. पाय पसरून पाटावर बसून तुला आता जमणार नाही, म्हणून त्याने सुताराकडून कमरेच्या उंचीचं लाकडी टेबल करून घेतलंय बाथरूममध्ये बसेल असं, त्याच्यावर टब ठेवायचा, तू स्टुलावर बसून घाल. फक्त दोन गोष्टींत माझं ऐकायचं. जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचं तुझ्या मनात आहे, ते नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंमुळे मोठा आजार होऊ शकतो म्हणून डॉक्टर अजिबात देऊ देत नाहीत, पहिले सहा महिने नुसतं अंगावरचं दूध, गुटीही नाही, पाणीही नाही. आणि कोळशाच्या शेगडीची धुरी बंद खोलीत नको, बाळाच्या छातीला धूर सोसत नाही. बाकी वेखंड, टोपरं, दृष्ट काढणं, सगळं तुझ्या मनासारखं कर, मी एका शब्दाने अडवणार नाही.

डोहाळजेवणाला तुम्ही नव्हतात त्याची चुटपुट लागली. छोटंच केलं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा शेजारच्यांच्या गॅलरीतला. वाट्या झाकून ठेवल्या होत्या त्यात मी बर्फीची उघडली, सगळ्या ओरडल्या मुलगी मुलगी. तेव्हापासून हा नावांची यादी करताना मुलींचीच आधी लिहितो.

तू पाठवलेल्या जुन्या साड्यांची दुपटी झाली आई. उकळत्या पाण्यात धुतल्या, उन्हात वाळवल्या, मग ह्याने कापल्या आणि खालच्या ताईंच्या मशीनवर मी दुमडून शिवल्या, बारा दुपटी, वीस लंगोट. तुझी ती हिरवी सुती साडी होती ना, पुरानंतर तू चार वेळा धुतलेली, तिच्या काठाशी चिखलाची तपकिरी रेघ अजून तशीच आहे. हा म्हणाला तेवढी पट्टी कापून टाकू या. मी कापू दिली नाही. सगळ्यात मऊ तीच आहे, आणि बाळाला पहिल्यांदा घरी आणायचं ते त्यातच.

बाबा, माळ्यावरचा पाळणा घेऊन या. त्या पुरात तो वर होता म्हणून वाचला. लाकूड सुटं करून गाडीच्या टपावर बांधता येईल, पितळी कड्या आणि साखळ्या मात्र वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि कडीचं माप आधी पाठवा, घरमालकांनी स्लॅबला हूक मारायची परवानगी दिलीय, पण ड्रिलवाला मापाशिवाय यायला तयार नाही. आईची सहाण आणि गुडघ्याच्या गोळ्या विसरू नका. घराची किल्ली काकूंकडे द्या, तुळशीला पाणी त्या घालतील, मी बोललेय त्यांच्याशी, आणि तळमजल्यावरचं जे काही जपायचंय ते निघायच्या आधी माळ्यावर चढवून घ्या, हा शनिवारी येईल तेव्हा करेल, तुम्ही उचलू नका.

जेवणाला दोन तास झाले, सुई टोचायची वेळ झाली, हा वही घेऊन दारात उभा आहे. उद्या सकाळी आठला फोन करते. दोघंही बसा, स्पीकरवर टाका, आणि बाबा, लगेच ठेवू नका.

तुमची,
बायो