चारशे ऐंशी नानकटाया आणि तुमची भट्टी

पुणे, भाऊबीज

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

दुकानाच्या फळीसमोर उभे राहून तुमचे आभार मानण्याचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा "होऊ दे बेटा, गिऱ्हाईक थांबलंय" असे म्हणून तुम्ही मला वाटेला लावलेत. म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांना वाचता येईल असे, कारण तुमच्या बेकरीवरून रोज ये-जा करणाऱ्या कित्येकांना त्या भट्टीत पावाखेरीज आणखी काय भाजून मिळते याची कल्पना नाही. तुमच्या इच्छेप्रमाणे बेकरीचे नाव लिहीत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या पेठेतली बेकरी म्हटले की ओळखणारे ओळखतील.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या ओव्हनची कॉइल जळाली. एकूण साठ खोक्यांची मागणी होती. प्रत्येकात बारा नानकटाया आणि वर बांधायला कागदाचा लहानसा आकाशकंदील. वीस खोकी भरून झाली होती. उरलेल्या चाळिसांसाठी चारशे ऐंशी नानकटाया लागणार होत्या, परातीत बारा किलो पीठ मळून तयार होते, आणि दुरुस्ती करणाऱ्याने दिवाळी झाल्यावर येतो असे सांगून फोन ठेवला होता. तेव्हा आईला तिचे लहानपण आठवले. त्या काळी दसरा झाला की घरोघरची माणसे रवा, मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जात, तिथले कारागीर ते मळून भाजून देत, आणि आपला डबा दुसऱ्याच्या डब्याशी बदलू नये म्हणून घरातले एखादे पोर तिथेच राखणीला बसवलेले असे. ते पोर बहुतेक वेळा आईच असायची. "विचारून तर बघ," एवढेच ती म्हणाली, आणि मी परात ओढणीने झाकून रिक्षात बसले.

तुम्ही होकार देण्याआधी परातीवरची ओढणी बाजूला केलीत, चिमूटभर पीठ बोटांत चोळलेत आणि विचारलेत, "तूप पातळ करून घातलंस ना?" मी घाईत तसेच केले होते. त्याच पिठाच्या पहिल्या वीस खोक्यांतल्या नानकटाया जरा पसरट झाल्या होत्या आणि मी त्याचा दोष ओव्हनला देत होते. थिजलेले, रवाळ तूप पिठीसाखरेबरोबर हाताने फेसून पांढरे आणि हलके करायचे असते, त्यात हवा कोंडली जाते आणि तिनेच नानकटाई फुलते, तर पातळ तुपात ही हवा धरतच नाही आणि आचेत गोळा आधी वितळून मग शिजतो, हे तुम्ही पाव मोजता मोजता सांगितलेत. पीठ वाया गेले असे मला वाटले. तुम्ही मात्र ते ओल्या फडक्याखाली, पंख्याच्या वाऱ्यात तासभर ठेवायला लावलेत, तेवढ्या वेळात माझ्याकडून किलोभर तूप नव्याने फेसून घेतलेत आणि त्यात साखर, बेसन व मैदा घालून ते जुन्या पिठात थोडे थोडे मिसळायला लावलेत. ते मिसळताना तुमचा कारागीर शेजारी उभा राहून "मळू नका ताई, नुसतं गोळा करा" असे चार वेळा म्हणाला. त्याचेही आभार.

त्यानंतर मी जे पाहिले ते मला आयुष्यभर पुरेल. पहाटेपासून लाकडांवर तापलेली भट्टी संध्याकाळचे पाव निघाल्यावर हळूहळू उतरू लागली होती. विटांनी दिवसभर धरून ठेवलेली धग पावाला पुरेशी नसली तरी नानकटाईला नेमकी पुरते, म्हणूनच पूर्वीपासून नानकटाईचा घाणा पावामागून लागतो. काटा नाही, आकडा नाही. तुम्ही चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकलात आणि वाट पाहिलीत. मैदा लगेच काळा पडला. थोड्या वेळाने पुन्हा टाकलात. या वेळी तो आधी पिवळसर आणि मग सावकाश बदामी होत गेला, तेव्हा तुम्ही "आता" म्हणालात आणि लांब दांड्याच्या फळीवरून पहिला ट्रे आत सरकवलात. वेलदोडा आणि जायफळाचा वास आधी आला, भाजलेल्या बेसनाचा नंतर. ट्रे बाहेर आला तेव्हा प्रत्येक नानकटाईच्या माथ्यावर बारीक भेगा पडल्या होत्या आणि कडा जेमतेम रंगल्या होत्या. मी उचलायला गेले तर तुम्ही हात धरलात. गरम नानकटाई ओल्या मातीसारखी असते, तिला ट्रेमध्येच निवू द्यायचे असते.

खोक्यांबद्दल तर मी विचारलेही नव्हते. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद मी मोठ्या आवडीने वापरते. १९४० साली सुरू झालेल्या या संस्थेचा सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद घडीला मऊ असतो आणि त्याच्या कडा सुरेख विस्कटलेल्या राहतात. तुम्ही एक खोके उलटे केलेत आणि तळाचा तुपाचा डाग मला दाखवलात. हा कागद तूप शोषतो, हे खोकी करणाऱ्या माझ्या लक्षात यायला हवे होते. आत दुपदरी बटर पेपर घालायचा, नानकटाई पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावायचे नाही, आणि डिंकाने चिकटवण्यापेक्षा दोऱ्याने बांधायचे, असे तुम्ही सांगितलेत. मग छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून एका हाताने चौफुलीची गाठ कशी मारायची हे तुम्ही इतक्या वेळा दाखवलेत की शेवटची दहा खोकी मी एकटीने बांधली. त्याच गाठीत मी कंदील अडकवले. बोहरी आळीतून आणलेल्या पतंगी कागदाचे ते कंदील चिकटवायला मला चार रात्री लागल्या होत्या, आणि त्यांच्या झिरमिळ्या चुरगळू नयेत म्हणून तुमच्या नातीने प्रत्येक खोके फळीवर सुटे सुटे मांडले. आधीची वीस खोकीही मी घरी जाऊन सोडली आणि त्यांतल्या पसरट नानकटाया आम्ही घरात ठेवल्या. तसा आग्रह तुम्ही धरला नव्हता, पण तुमची भट्टी पाहिल्यानंतर ती खोकी तशीच द्यायला मन धजेना.

रात्री साडेअकराला तुम्ही हिशेब केलात. दिवाळीच्या तोंडावर, माझ्यासारख्या अडलेल्या बाईकडून तुम्ही काहीही मागितले असते तरी मी दिले असते. तुम्ही नेहमीच्या दराने भाजणावळ घेतलीत, वर घेतलेल्या बेसन-मैद्याचे पैसे वेगळे सांगितलेत आणि उरलेली नोट परत केलीत. दरवर्षी घरचे पीठ घेऊन येणारी कुटुंबे आता फार थोडी उरली आहेत असे तुम्ही तेव्हा म्हणालात, तक्रारीच्या सुरात नव्हे, दोरा रिळावर गुंडाळता गुंडाळता. ते वाक्य मी घरी आल्यावर आईला सांगितले. तिने आमच्या इमारतीतल्या चार घरांत सांगितले आहे, आणि पुढच्या वर्षी दसरा झाला की आम्ही पाच जणी आपापले साहित्य घेऊन येणार आहोत, तूप न वितळवता.

चाळीस खोकी धनत्रयोदशीच्या सकाळी पोहोचली. एकही नानकटाई मोडली नाही.

घाईत तुमचा एक काळा ट्रे माझ्या परातीखाली माझ्याबरोबर आला आहे. घासून ठेवला आहे. उद्या सकाळी पाव निघायच्या वेळी घेऊन येते, आईही बरोबर येईल.

आपली कृतज्ञ,
ओढणीने झाकलेली परात घेऊन आलेली