तो फोटो नव्हे, चाचपणी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सूक्ष्मदर्शकावरचा लेख आवडीने वाचला. सोन्यावर ओळीने उभ्या रेणूंचे चित्रही देखणे होते. पण त्याखाली 'रेणूंचा रंगीत फोटो' असे छापलेत आणि घासात खडा लागला.

बिनिग आणि रोरर या शास्त्रज्ञांनी १९८१ साली झुरिकजवळ बनवलेल्या या यंत्रात, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये, भिंगच नाही. एक सुई पृष्ठभागाला न टेकता जेमतेम नॅनोमीटरभर वरून फिरते आणि मधल्या फटीतून किंचित वीज वाहते. फट मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाइतकी वाढली, तरी वीज सुमारे दहापटीने घटते. त्या चढउतारावरून संगणक नकाशा काढतो. अंधारात जात्याचे टाके बोटांनी चाचपावेत, तसे. रंग मागाहून भरलेले.

दुसरे वाक्य जास्त खटकले: 'शास्त्रज्ञ एकेक रेणू उचलून रांग लावतात.' सुईने ढकलता येते, हे खरे. आयबीएम या संगणक कंपनीतले शास्त्रज्ञ आयग्लर यांनी १९८९ मध्ये उणे २६९ अंशांच्या थंडीत झेनॉनचे ३५ अणू सरकवून कंपनीची आद्याक्षरे लिहिली. पण तुमच्या चित्रातली रांग कुणी लावलेली नाही. सोने कशालाच दाद देत नाही, असे आपल्या सराफ्यात सांगतील. गंधकाला मात्र ते देते. गंधकाचे टोक असलेले रेणू त्याला आपणहून चिकटतात आणि उरलेल्या लांब शेपट्या एकमेकींना टेकवून दाटीने उभे राहतात. सुई ते फक्त चाचपून सांगते.

रेणूंच्या या आपोआप रांग लावण्याचा भाऊबंद नातीला परातीत दाखवला. पाण्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि मधोमध साबण लावलेली काडी टेकवली. पावडर सर्रकन काठाला! साबणाचे रेणू डोके पाण्यात, शेपूट हवेत ठेवून पसरतात आणि तिला रेटतात. "आजी, परत!" पण लगेच परत होत नाही, कारण पाणी आधीच झाकलेले असते. परात घासून नवे पाणी भरावे लागते. तीनदा घासली.

विद्यापीठाची पायरी न चढलेल्या अ‍ॅग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी घरच्या घरी असेच प्रयोग केले. त्यांनी इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलींना लिहिलेले पत्र १८९१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आले. म्हटले, आपणही लिहावे.

पुढच्या रविवारी चौकटीत दुरुस्ती छापावी. शिवाय आपल्या इंदुरात खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएईचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचे, पदार्थविज्ञानाचे केंद्र आहे. असा लेख छापण्याआधी वार्ताहराला तिथे एक चक्कर मारायला सांगावे. रिक्षाने फार लागत नाही.

कळावे,
निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
सुदामानगर, इंदूर