पाटी नको, वीजबिल भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ तोंडावर आला की बडोद्यात मोबाइलवर मदतीची आवाहने फिरू लागतात. कुठे चर्चच्या पाळकसाहेबांचा (धर्मगुरूंचा) चार महिन्यांचा पगार थकलेला, कुठे मिशनच्या वसतिगृहाला वीज तोडण्याची नोटीस, कुठे पावसाळाभर गळालेले छत. लोक देत नाहीत अशातला भाग नाही. फतेहगंजपासून दांडिया बाजारापर्यंत ख्रिस्ती नसलेली मराठी घरेही देतात. त्यांतल्या कित्येकांची मुले मिशनच्या शाळांत शिकली. तरी फेब्रुवारीत तेच सेवाकार्य पुन्हा हात पसरून उभे. मंडळ्यांचे (चर्चच्या स्थानिक समाजांचे) आणि त्यांच्या ट्रस्टांचे हिशेब आम्ही पाहतो. पैसा चुकीच्या वेळी येतो आणि चुकीच्या कप्प्यात जाऊन बसतो, हे दुखणे त्यात सरळ दिसते.

देणगीदाराला इमारत आवडते. संगमरवरी पाटीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे कोरता येते, वीजबिलावर येत नाही. म्हणून एखाद्या आवारात नवे सभागृह उभे राहते आणि तिथल्याच शिक्षिकेचा पीएफ सहा महिने भरलेला नसतो. सभागृह झाले की त्याची घरपट्टी, झाडलोट, पंखे, वॉचमन हे सगळे पुन्हा चालू खर्चातच चढते. टेकीला आलेल्या सेवेला नव्या भिंतीइतके महाग दुसरे काही पडत नाही.

दुसरा घात एका शब्दाचा आहे. देणगीच्या पत्रावर ‘कॉर्पस’ असे मोठ्या हौसेने लिहिले जाते. तसे लेखी दिले की रक्कम कायम निधीत जाते आणि २०२१-२२ पासून ती १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ११(५) मधल्या गुंतवणुकीत, म्हणजे बँकेच्या मुदत ठेवीसारख्या ठिकाणी, वेगळी अडकवून ठेवावी लागते. हाती राहते ते व्याज. दोन लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाचे १४,००० रुपये. त्यात स्वयंपाकीणबाईंचा दोन महिन्यांचा पगारही धड निघत नाही. पत्रावर ‘संस्थेच्या चालू खर्चासाठी’ एवढेच लिहावे.

आता वेळेचे. साठ कुटुंबांनी दरमहा ३०० रुपये दिले तर महिन्याला १८,००० आणि वर्षाला २,१६,००० होतात. कुणी एकानेच नाताळात दिलेल्या दोन लाखांहून हा आकडा फार मोठा नाही, पण तो जूनमध्येही हजर असतो. एप्रिल-मेमध्ये माणसे गावी जातात, रविवारी चर्चमध्ये जमणारे अर्पण ओसरते, आणि लगेच जूनमध्ये प्रवेश, वह्यापुस्तके, गाद्या, छपराची डागडुजी असे सगळे एकदम अंगावर येते. डिसेंबरचे दोन लाख तोवर जुन्या उधाऱ्या भागवण्यात संपलेले असतात. यूपीआय ऑटोपे लावून दिला की आठवण करून द्यायचा प्रश्नच नाही. ट्रस्टने मात्र यातूनच थोडे थोडे बाजूला टाकून तीन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक उभी करावी. ती नसली की एक दाता परगावी गेला तरी पगार अडतो.

ही काही नवी युक्ती नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने थोडे वेगळे काढून ठेवावे, आपण आल्यावर वर्गणीची धावपळ नको, असे बायबलमधल्या प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला कळवले होते. मिझोरामातल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी काढतात. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले; त्या भरवशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले.

आज बॉस्टनवर विसंबता येत नाही. परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्यात (एफसीआरए) सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी मोठी संस्था बाहेरून आलेला पैसा आपल्यासारख्याच नोंदणीकृत लहान संस्थांना देऊ शकत असे. ती वाट पूर्ण बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरवावा लागतो. लहान सेवाकार्ये त्यानंतर खचली त्याला हे एक मोठे कारण आहे. आणि बडोद्यात जवळजवळ घरटी एक नातेवाईक अमेरिकेत किंवा कॅनडात, त्यामुळे इथे एक चूक हमखास होते. पासपोर्ट भारताचा असेल आणि पैसा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आला असेल, तर ती परदेशी देणगी नव्हे. नागरिकत्व तिकडचे घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी ती परदेशीच, मग ती सुट्टीत येऊन रुपयांत का दिलेली असेना. एफसीआरए नोंदणी नसलेल्या ट्रस्टने ती घेणे हा गुन्हा आहे. खजिनदाराने पासपोर्टची प्रत मागितली तर भाच्याने राग मानू नये.

करसवलतीचा घोळ वेगळाच. चर्च म्हणून नोंदलेल्या, एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या ट्रस्टला सहसा ८०जी, म्हणजे दात्याला करात वजावट मिळवून देणारी मान्यता, मिळत नाही. त्याच आवारातल्या शाळेच्या किंवा दवाखान्याच्या धर्मादाय ट्रस्टला मिळू शकते, पण त्यालाही धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपलीकडे खर्च करता येत नाही. शाळेच्या ट्रस्टला चेक देऊन ‘यातून पाळकांचा पगार भागवा’ असे सुचवणारा भला माणूस त्या ट्रस्टची सवलतच धोक्यात आणतो. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. ट्रस्टने ३१ मेपर्यंत देणग्यांच्या विवरणाचा फॉर्म १०बीडी भरायचा, त्यावरून दात्याला १०बीई प्रमाणपत्र मिळते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. पैसे बायकोच्या खात्यातून आणि पावतीवर नवऱ्याचा पॅन, ही नेहमीची चूक. ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ८०जीचा फायदाच नाही, त्यांनी हा परिच्छेद विसरावा. (हे सगळे क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले; २०२५ च्या नव्या कायद्यात आकडे बदलले आहेत, ते आपल्या सीएला विचारावेत.)

विश्वासाच्या कामात हिशेब कसला मागायचा, असे म्हणणारे अजून भेटतात. बायबलमधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांची (क्षुल्लक नाण्यांची) गोष्ट सांगून अर्पण मागणाऱ्याने त्या टोल्या मोजूनही घ्याव्यात. उपासना संपल्यावर अर्पणाची थैली थेट टेबलावर यावी, कुणाच्या घरी जाऊ नये. मोजणारे दोघे, तेही एका घरातले नसावेत, आणि खजिनदार त्यांत नको. ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, नाणी किती, हे छापील कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पाकिटावरचा आकडा आतल्या नोटांशी ताडून पाहावा. सोमवारी सगळी रक्कम बँकेत. सगळी म्हणजे सगळी. प्लंबर आला, थैलीतून ८०० रुपये काढून दिले, उरलेले भरले, इथेच वाट लागते. यात चोरी नसते, पण ते ८०० जमेतही दिसत नाहीत आणि खर्चातही. पुढे ऑडिटर विचारतो तेव्हा सरळ माणूस चोरासारखा उभा राहतो. पौलानेही यरुशलेमसाठीचा निधी कुणा एकट्याच्या हाती दिला नाही. कुणी बोट दाखवू नये म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघे बंधू पाठवले.

शाळेच्या ट्रस्टची दानपेटी आणि चर्चची दानपेटी एक करू नये. निव्वळ धार्मिक ट्रस्टच्या निनावी दानावर कर नाही. धर्मादाय ट्रस्टला एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख, यांतले जे जास्त असेल त्यावरच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर बसतो. क्यूआर कोडवर पैसे पाठवण्याआधी पडद्यावर कोणाचे नाव येते ते पाहा. ट्रस्टऐवजी व्यक्तीचे आले, मग ती पाळक का असेना, तर थांबा. पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक हवा. ‘पावती’ हा शब्द गुजरातीतही तोच आहे, तेव्हा भाषेची सबब चालणार नाही.

कित्येकदा पैसा असतो, पण हलत नाही. सह्या करणाऱ्या तिघांपैकी एक विश्वस्त वारलेला, दुसरा मुलाकडे परदेशी गेलेला. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल नोंदवायचा असतो; तो वर्षानुवर्षे राहतो आणि एक दिवस बँक खाते थांबवते. मग घायकुतीला येऊन आवारातला कोपरा विकायचा किंवा दुकानांना लांब मुदतीने द्यायचा विचार निघतो. आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जागा विकता येत नाही, आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. असा व्यवहार कायद्यापुढे टिकत नाही; घेतलेली पागडी मात्र खर्च झालेली असते. मोठी देणगी देऊ इच्छिणाऱ्याने आधी ताजा ऑडिट अहवाल आणि विश्वस्तांची नोंदलेली यादी मागावी.

शेवटी आपल्याला एक विनंती. अनाथ मुलांच्या घरासाठी आवाहन छापायला आले, तर बालन्याय कायद्याच्या कलम ४१ खालचे नोंदणीपत्र पाहावे आणि मुलांचे चेहरे छापू नयेत. कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. फोटो हवाच असेल तर थकलेल्या वीजबिलाचा छापा. त्यावर ग्राहक क्रमांक असतो. तो टाकून कुणीही वाचक घरबसल्या ते बिल परस्पर भरू शकतो. त्याची ८०जी पावती मिळणार नाही.

आपले,
मंडळ्यांचे हिशेब पाहणारे काही जण,
वडोदरा