वस्ताद, माझा वजनकाटा तुमच्याकडेच राहू दे

ती. वस्ताद यांना सा. नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल, कारण चष्मा तुम्ही हमखास तालमीत विसरून आला असाल. तोंडावर आभार मानायला मी तीनदा आले. तिन्ही वेळा तुम्ही "गप, रस्सा वाढ" म्हणून उडवून लावलंत. म्हणून आता चार लोकांदेखत लिहिते. (पोरगी म्हणते, पत्रात तरी आपलं कोल्हापुरी बायकांचं 'मी येतो, मी जातो' लिहू नकोस, बाहेरगावची माणसं हसतात. हे 'लिहिते' तिच्यासाठी. तुमच्याशी बोलताना मी 'येतो'च म्हणणार.)

आपल्याला न ओळखणाऱ्यांसाठी एवढं सांगते. मंगळवार पेठेत माझी मटणाची खानावळ आहे आणि वस्ताद गेली अकरा वर्षं तिथं दुपारचे जेवतात. काकी गेल्यापासून रात्रीचा डबाही नेतात. नातं एवढंच, आणि तेवढ्यावर त्यांनी जे केलं ते माझ्या सख्ख्यांना जमलं नाही.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि मी वजन उतरवायचं, स्लीव्हचं ऑपरेशन करून घेतलं. वजन ११२ किलो, उंची पाच फूट एक इंच, दहा वर्षांची साखर, आणि गुडघे असे की गॅसपासून मोरीपर्यंत जायला भिंतीचा आधार. या ऑपरेशनात जठराचा पाऊण भाग कापून काढतात, मागे उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. वजन वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं आणि प्रत्येकाचा वेग वेगळा, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. मी मान डोलावली. ऐकलं मात्र फक्त 'उतरतं'.

पहिल्या पंधरा दिवसांत सात किलो गेले. मी मनातल्या मनात दिवाळीचं लुगडं शिवरात्रीलाच घेऊन टाकलं. तिसऱ्या आठवड्यात काटा १०४ वर बसला तो सतरा दिवस हलला नाही. वाटीभर पातळ डाळीवर दिवस काढत होते आणि काटा हलत नव्हता. सकाळी उठल्यावर बघायची, आंघोळीनंतर बघायची, रात्री बघायची. फरशी वाकडी असेल म्हणून काटा देवघरासमोर नेऊन बघितला. ऑपरेशन झालेल्या बायकांच्या फोनवरच्या गटात एकीचे बारा गेले, एकीचे चौदा. जाऊबाई तर घरी येऊन म्हणाली, "एवढे पैसे घालून एवढंच?"

त्या दिवशी बहीण गॅसवर होती आणि मी नुसती गल्ल्यावर बसून डोळे पुसत होते. तुम्ही विचारलंत. कांदा लागला, मी म्हटलं. "गल्ल्यावर कुठला आलाय कांदा?" तुम्ही म्हणालात, आणि ताट सरकवून तरुणपणीची गोष्ट सांगायला घेतलीत. वजनी गटात बसायचं म्हणून दोन दिवस पाणी बंद, अंगात दोन स्वेटर घालून पळणं, थुंकून थुंकून तोंड कोरडं. तीन किलो उतरवलेत. वजन झालं, तांब्यावर तांबे पाणी प्यालात, संध्याकाळी तिन्ही किलो परत अंगावर. "त्ये वजन न्हवतंच पोरी, पाणी हुतं. पाणी पळत जातंय. चरबी चालत जातीया."

हेच आहाराच्या मॅडमनी आधी सांगितलं होतं. लिव्हर आणि स्नायूंमध्ये शरीर साखरेचा साठा करून ठेवतं आणि त्या साठ्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं तुटलं की आधी हा साठा संपतो, पाणी निघून जातं, काटा धपकन उतरतो. मग शरीर पाणी पुन्हा धरायला लागतं. आतून चरबी जात असते, पण काट्यावर ती दिसत नाही. मॅडम बोलल्या तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं. डोक्यात शिरलं ते तुमच्या स्वेटरमुळे.

आणि मग तुम्ही विचारलंत, "काटा कुठाय?" मला वाटलं बघायचा असेल. तुम्ही तो डब्याच्या पिशवीत घातलात आणि निघून गेलात. रात्री मागायला आले तर म्हणालात, एक तारखेला ये. तेव्हापासून माझं वजन तुमच्या सोप्यात, मारुतीच्या तसबिरीखाली होतं, महिन्यातून एकदाच. वजनाआधी सूनबाई मला आत नेऊन कमरेला सुतळी लावते आणि गाठ मारते. मे महिन्यात काटा फक्त सहाशे ग्रॅमनं हलला, पण गाठ दोन बोटं आत आली होती. तुम्ही कॅलेंडरवर आकडा लिहिला नाहीत. दोन बोटं लिहिलीत.

तुमचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. पाचव्या आठवड्यात "अशक्त झालीस" म्हणून तुम्ही बदाम घातलेली थंडाई आणलीत, पैलवानी हातानं साखर घातलेली. मी मोह आवरला नाही, अर्धा पेला प्याले. दहा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, आणि मी तांदळाच्या पोत्यावर आडवी. आता कळतं की पोट लहान झालं की गोड पातळ पदार्थ आतड्यात एकदम उतरतो, म्हणून तसं होतं. तेव्हा तुम्ही पुठ्ठ्यानं वारा घालत "म्या इष दिलं का काय" म्हणत बसला होतात. पुढच्या तपासणीला तुम्ही आपणहून बरोबर आलात आणि मॅडमना थेट विचारलंत, "हिचा खुराक किती?" दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रोटीन, त्या म्हणाल्या. एका अंड्यात सहा. तुम्ही बोटांवर मोजलंत, "म्हंजे धा अंडी?" मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या. शेवटी दोन अंडी, पनीर, दही, डाळ, खिम्यासारखं बारीक केलेलं मटण आणि उरलेलं पावडरमधून, असं ठरलं. ताटातलं प्रोटीन आधी, भाकरी नंतर. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. मी तांब्याकडे हात नेला की तुम्ही कोपऱ्यातल्या टेबलावरून खाकरायचात.

मधे केस गळाले, परत आले. लोहाची गोळी सकाळी, कॅल्शियम रात्री, दोन्ही एकत्र नाहीत. ते चालू आहे आणि चालूच राहणार.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट आखाडातली. सहावा महिना, ९२ किलोवर गाडी पुन्हा अडली, आणि या वेळी दीड महिना. आखाडात मंगळवार पेठेत काय असतं ते सांगायला नको. श्रावण लागायच्या आत सगळ्यांना मटण पाहिजे असतं. मी जोतिबाची शपथ घेऊन सांगत होते की मी काही खात नाही, आणि खोटं बोलत नव्हते. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी दहालाच येऊन सैपाकघराच्या दारातल्या टेबलावर काडेपेटी घेऊन बसलात. मला वाटलं, विडी सुरू केली की काय या वयात. दोन वाजता मला बोलावलंत. टेबलावर काड्या मांडलेल्या. एकतीस.

एकतीस वेळा मी चव घेतली होती. तांबड्या रश्शाचा कट, पांढऱ्यातलं नारळाचं दूध, त्यातले काजू-तीळ-खसखस, सुक्क्याचं तेल. चमचाभर, बोटभर, पळीला लागलेलं. भाकरीचे तीन घास नळीत अडतात आणि बास म्हणतात. रस्सा कुठं अडत नाही, सरळ खाली जातो आणि भूक तशीच राहते. "जेवत न्हाईस तू, खरं हाय," तुम्ही म्हणालात, "पर पितीयास."

मला राग आला होता. वीस वर्षं याच जिभेवर ही खानावळ चालली. चव न घेता रस्सा करायचा म्हणजे डोळे बांधून कुस्ती धरायची. तेव्हा तुम्ही ती जबाबदारी घेतलीत, न विचारता. रोज साडेअकराला येऊन दोन्ही रश्शांची चव तुम्ही बघायची. पहिला आठवडा वाईट गेला. तुमची जीभ दुधातुपावर वाढलेली, मीठ कमीच लागायचं. एक जुनं गिऱ्हाईक "वहिनी, आजारी हाय का कोण?" विचारून गेलं. हळूहळू बसलं. आता लोक म्हणतात पांढरा पहिल्यापेक्षा चांगला लागतो. मला हे मान्य नाही, पण गल्ला बघून गप्प बसते.

श्रावणात मटण बंद, चवही बंद, आणि भाद्रपदाच्या एक तारखेला नव्हे, सप्टेंबरच्या एक तारखेला काट्यावर ८९ आले. तुम्ही फक्त "हं" म्हणालात.

रंकाळ्याचंही लिहायला पाहिजे. सुरुवातीला मी संध्यामठापर्यंत यायची आणि बाकावर बसायची. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेतल्या कुस्त्या तुम्ही डावासकट सांगायचात. डाव संपायच्या आत उठता यायचं नाही, मग उठल्यावर पुढच्या बाकापर्यंत तरी चालायला लागायचं, कारण पुढची कुस्ती तिथंच सुरू व्हायची. आता पूर्ण फेरी होते, शालिनी पॅलेसपाशी एकदा थांबून. गुडघे कुरकुरतात, पण भिंत लागत नाही.

चौदा महिन्यांत ११२ चे ८३ झाले. गटातल्या दोघींचे चाळीस-चाळीस गेले, माझे एकोणतीस. मी अठ्ठेचाळीसची, साखर जुनी, इन्सुलिनवर होते, अशांचं हळूच उतरतं असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी कागदावर हिशेब केला. उंचीच्या मानानं जादा वजन बावन्न किलो होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त गेलं. त्यांच्या हिशेबी हे ऑपरेशन यशस्वी धरतात. इन्सुलिन तर त्यांनी तिसऱ्या महिन्यातच बंद केलं होतं. तो कागद मी जाऊबाईला दाखवणार होते, मग राहून गेलं. तुम्हाला दाखवला तर तुम्ही उलटा धरून बघितलात आणि म्हणालात, "सुतळीनं काय सांगितलं?"

मागच्या आठवड्यात पोरगी नवा डिजिटल काटा घेऊन आली, चरबी किती, स्नायू किती, सगळं दाखवणारा. मी तो दुकानात परत करायला लावला. जुना तुमच्याकडे आहे, तिथंच राहू दे. सेल संपला असेल तर नातवाला घालायला सांगा.

आणि या महिन्याचं जेवणाचं बिल मी लावलेलं नाही, त्यावरून गल्ल्यावर भांडण नको. उद्या साडेअकराला या. पांढरा रस्सा तुमच्यासाठी वाटीत काढून ठेवते. मीठ बघितलेलं नसेल, ते तुम्हीच बघा.

तुमची,
खानावळवाली पोरगी
मंगळवार पेठ, कोल्हापूर