सूचनांसोबत कारणेही छापावीत

महोदय,

कोविडच्या पहिल्या लाटेत आमच्या सोसायटीच्या फाटकावर हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा पंप घेऊन एक माणूस उभा असे आणि आत येणाऱ्याच्या अंगावर, दूधवाल्याच्या किटल्यांवर सरसकट फवारा मारी. माणसांवर अशी फवारणी करू नये, ती डोळ्यांना व त्वचेला अपायकारक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजी स्पष्ट करूनही आमच्याकडे तिला कोणी हरकत घेतली नाही. मनाई सर्वांनी वाचली होती, परंतु श्वासावाटे शरीरात शिरलेल्या विषाणूचे कपड्यांवरच्या फवाऱ्याने काहीच बिघडत नाही, हे फारच थोड्यांना कळले होते.

साबणाचेही तेच झाले. हात वीस सेकंद धुवा, हे लहान मुलांनाही पाठ झाले. पण का, हे क्वचितच सांगितले गेले. करोना विषाणू म्हणजे सुमारे तीस हजार अक्षरांचा आरएनए (विषाणूची जनुकीय माहिती साठवणारा रेणू), त्याला धरून असलेली प्रथिने आणि सर्वांत बाहेर मेदाचे नाजूक आवरण. साबण हे आवरण विस्कटून टाकतो, अल्कोहोलही तेच करते, आणि आवरण गेले की विषाणूला पेशीत शिरता येत नाही. उलट, काविळीच्या ‘अ’ विषाणूला किंवा जुलाब-उलट्यांच्या नोरोविषाणूला बहुधा असे आवरण नसते. तिथे सॅनिटायझरवर विसंबता येत नाही, हात साबणाने चोळून वाहत्या पाण्याखालीच धुवावे लागतात. एवढा एक फरक ठाऊक असलेली गृहिणी पावसाळ्यात सॅनिटायझरच्या बाटलीऐवजी नळ आणि उकळलेले पाणी निवडेल.

सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली ती हवेच्या बाबतीत. हा विषाणू हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये ठामपणे सांगितले. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून त्याकडे पुन्हा पाहण्याची विनंती केली, आणि हवेतून होणाऱ्या प्रसाराची नि:संदिग्ध कबुली येईपर्यंत २०२१ उजाडले. दरम्यान आपण भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो आणि खिडक्या लावून एसी खोल्यांत बैठका घेत होतो. नवा पुरावा आल्यावर मत बदलणे हा शास्त्राचा रीतसर व्यवहार आहे, त्यात कमीपणा नाही. मात्र सल्ला का बदलला हे न सांगता नुसता नवा सल्ला दिल्याने लोकांचा विश्वास उडाला आणि अफवांचे फावले.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की, यापुढे कोणत्याही साथीची बातमी देताना रुग्णसंख्येशेजारी एक छोटी चौकट द्यावी: रोगकारक जिवाणू आहे की विषाणू, तो पाण्यातून, हवेतून की डासांमार्फत पसरतो, आणि प्रत्येक सूचनेमागचे कारण काय. विषाणूजन्य तापात प्रतिजैविकांचा उपयोग नसतो, हेही त्यात दर वेळी असावे. मजकूर तपासून घेण्यासाठी राष्ट्रीय विषाणू संस्था आपल्या पुण्यातच आहे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, पुणे